‘नोकरी लागल्यावर फी भरा’ म्हणाले आणि पप्पांच्या नावावर कर्ज काढलं

सांगली-मिरजेत शिकणाऱ्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरापोरींनी आणि खास करून त्यांच्या आईवडलांनी हे पूर्ण वाचा. क्लासचं नाव लिहीत नाही, एकतर तक्रार चालू आहे आणि दुसरं म्हणजे एक बोर्ड उतरला की दुसरा लागतो, त्यामुळे यांची पद्धत कळलेली बरी.

मी एम.कॉम.ला आहे. आता नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्याच वर्षी ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आहे, 4 क्रेडिट म्हणजे 120 तास कुठेतरी काम करून सर्टिफिकेट आणायचं. गावाकडच्या पोरांना सीएच्या ऑफिसात ओळख नसते, मग सगळे शोधत फिरतात. त्याच वेळी विश्रामबागला एका क्लासचं फ्री सेमिनार होतं, टॅली, जीएसटी, एक्सेल, पॉवर बीआय, वर ओजेटीचं सर्टिफिकेट आणि पुण्यात नोकरीची गॅरंटी, आणि फी कधी तर नोकरी लागल्यावर. ‘ताई, तुम्हाला आत्ता एक रुपया भरायचा नाही, पप्पांना घेऊन या फक्त.’

पप्पा आले. आमची पलूसकडं थोडी द्राक्षबाग आहे, कामाच्या दिवसात बाग सोडून आले. काउंटरवरच्या मुलीने आधार, पॅन, पासबुक, एटीएम कार्ड घेतलं, ‘काका जरा कॅमेऱ्यात बघा’ म्हणून फोटो काढला, आणि आलेले ओटीपी एकामागून एक विचारून घेतले. मी विचारलं हे कशाला, तर म्हणे पालकांचं व्हेरिफिकेशन, नोकरी लागल्यावर पोरं फी बुडवतात म्हणून. पप्पांचा ईमेल नव्हता, तर तिनेच नवीन जीमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण कर्जाची सगळी कागदपत्रं त्याच ईमेलवर गेली आणि आमच्या घरी एक कागद आला नाही.

कर्ज म्हणजे 68,000 रुपयांचं, एका फायनान्स कंपनीचं, पप्पांच्या नावावर. पैसे थेट क्लासच्या खात्यात. म्हणजे क्लासला पहिल्याच आठवड्यात पूर्ण फी मिळाली आणि मला नोकरी लागो न लागो, त्याच्याशी त्यांचा संबंध संपला. सुरुवातीचे हप्ते क्लासच भरत होता म्हणून पप्पांच्या खात्यातून काही कटलं नाही आणि कुणाला शंका आली नाही. शिकवणं म्हणाल तर टॅलीचे व्हिडिओ लावून द्यायचे, जीएसटीचे सर मधेच सोडून गेले ते गेलेच. प्लेसमेंट म्हणून पुण्यात क्रेडिट कार्ड विकायचं टेलिकॉलिंग दिलं, पगारात खोलीभाडं आणि मेस पण निघत नव्हती. मी नाही म्हटलं तर फॉर्ममागची बारीक अक्षरातली अट दाखवली, ऑफर नाकारली तर गॅरंटी रद्द. हप्ते त्यानंतर बंद केले त्यांनी.

हे कळलं कधी तर पप्पा बँकेत पीककर्ज नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, गेले तेव्हा. साहेबांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा क्रेडिट रिपोर्ट, काढला आणि म्हणाले, काका तुमचे हप्ते थकलेत. ज्या माणसाने सोसायटीचा एक हप्ता कधी चुकवला नाही त्याला भरल्या बँकेत थकबाकीदार म्हटलं. आणि छाटणीच्या तोंडावर, औषधाला पैसा लागतो तेव्हा, कर्ज अडलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, फीचा पण नाही एवढा.

आता तुमच्या उपयोगाचं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमानुसार कर्ज द्यायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा लागतो, त्यात व्याज, सगळे चार्जेस आणि कूलिंग ऑफचे दिवस लिहिलेले असतात, तेवढ्या दिवसात मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज परत करून दंड न भरता बाहेर पडता येतं. म्हणून कुठल्या पण क्लासला आधी हेच विचारा की फी कर्जातून आहे का, असेल तर कंपनी कोणती, आणि तो कागद घरी घेऊन या. ओटीपी सांगायच्या आधी मेसेज पूर्ण वाचा, इंग्रजीत असला तरी एखाद्याकडून वाचून घ्या, पप्पांच्या मेसेजमध्ये ई-साइन आणि लोन हे शब्द स्पष्ट होते पण ती मुलगी फोन हातातच घेऊन बसली होती. ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो आईवडलांचा आज काढून बघा.

ज्यांचं आधीच झालंय त्यांनी नुसता ऑटो डेबिट बंद करून बसू नका, हप्ता थकतो आणि सिबिल आणखी पडतो. आधी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार द्या, 30 दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फुकट आहे, माहितीचा नंबर 14448. ग्राहक आयोगात, आपण सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखापर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आम्ही कंपनीकडे तक्रार केली आणि पोलिसात पण अर्ज दिलाय, निकाल अजून काही नाही.

ओजेटीसाठी माझं काम शेवटी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात झालं, तिथल्या दिवाणजींनी बिलं, ई-वे बिल सगळं बसवून शिकवलं, एक रुपया न घेता. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स शिकायला फुकट आहेत, फक्त परीक्षेची फी. पदवी झालेल्यांना नॅट्स (NATS) या सरकारी पोर्टलवर अप्रेंटिसशिप मिळते, त्यात उलट स्टायपेंड आपल्याला देतात. रोजगार मेळाव्याला पण पैसे लागत नाहीत.

त्याच क्लासला असाल तर घरच्यांचा क्रेडिट रिपोर्ट, फीची पावती आणि भरलेला फॉर्म एवढं जपून ठेवा आणि मला मेसेज करा, सगळ्यांचे अर्ज एकत्र देणार आहोत.