मरीन प्लायच्या नावाखाली मी काय घरी आणलं

सिंकखालच्या कपाटासाठी नकली मरीन प्लाय घेऊन मी किती घालवले, तो आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात. २७,८८० रुपये. त्यातले प्लायचे १८,४००. टेंपो आणि हमालीचे ८५०. सनमायका, फेव्हिकॉल, ऑटो हिंजेस आणि टेलिस्कोपिक चॅनल मिळून ८,६३०. चार महिन्यांचे शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. त्यांची पावती कोण देणार?

मी काही पहिल्यांदाच पटाशी हातात धरणारी बाई नाही. सहा वर्षं झाली, घरातलं सुतारकाम मीच करते. मुलीचं अभ्यासाचं टेबल, चपलांचं कपाट, बाल्कनीतली बसायची पेटी. पण ते सगळं साध्या कमर्शियल प्लायमध्ये केलेलं. सिंकखालचं कपाट आणि शेजारच्या ट्रॉल्या करायच्या तर पाण्याचा संबंध येणार, म्हणून पाण्याला टिकणारं मरीनच घ्यायचं ठरवलं. ठरवलं ते बरोबरच होतं, हे मी अजूनही म्हणते.

तीन दुकानांत चौकशी केली. एकाने आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक), १९ एमएमचा भाव चौरस फुटाला १२८ सांगितला, दुसऱ्याने १२५. तिसरा म्हणाला ९६. मी विचारलं, एवढा फरक कसा? त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून मी अक्षरशः खूश झाले. "ताई, गिऱ्हाईक मिस्त्रीला घेऊन येतं, मग मिस्त्रीचं कमिशन आम्हाला रेटमध्ये धरावं लागतं. तुम्ही स्वतः करताय, तर ते पैसे तुमचेच. आणि खरं सांगू का, लेडीज स्वतः सुतारकाम करतात हे मी पहिल्यांदा बघतोय. मानलं!"

आता कमिशनचं म्हणणं खोटं नाही. प्लायच्या धंद्यात ते चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. त्यामुळेच पटलं. साफ खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं. त्याने मला माहीत असलेलंच मला सांगितलं आणि वर शाबासकी दिली. मी मान हलवत बसले.

१९ एमएमच्या पाच शीट, पाठीला ६ एमएमच्या दोन. ३२ चौरस फुटांची शीट ९६ ने ३,०७२, पाचांचे १५,३६०. सहा एमएमच्या दोन मिळून ३,०७२. एकूण १८,४३२. "पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, ३,३१८. बघा तुम्ही." मी बघितलं आणि नको म्हटलं. इथे कुणी मला नाकं मुरडू नका. आपल्यापैकी किती जणांनी टाइल्स, नळ, रंग पक्क्या बिलावर घेतलेत ते आधी आठवा. पाच हजार यूपीआयने दिले, बाकी रोख मागितले आणि वरचे ३२ रुपये "सोडून दिले". क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. "भाच्याचं अकाउंट आहे." बरं, भाचा तर भाचा. हातात आली ती डायरीचं पान फाडून दिलेली चिठ्ठी: "१९ - ५, ६ - २, जमा १८,४००." दुकानाचं नाव नाही, मरीन हा शब्द नाही, तारीखसुद्धा नाही.

पण चिठ्ठीचं मला तेवढं लागत नाही. खरं लागतं ते त्या संध्याकाळचं. हमाल शीट हॉलमध्ये भिंतीला टेकवून गेले. बाल्कनीत न्यायच्या होत्या आणि घरात कुणी नव्हतं. मी एक शीट कडेवर उभी केली, खालून हात घातला आणि एकटीने उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. मग दुसरी. मग पाचही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सकाळच्या सूर्यनमस्कारांचा गुण आला! रात्री नवऱ्याला सांगितलंसुद्धा, कौतुकाने.

चांगल्या १९ एमएम मरीनची आठ बाय चारची शीट पस्तीस किलोच्या पुढे भरते. माझ्यासारख्या बाईने ती एकटीने अशी फुलासारखी उचलायची नसतेच. नंतर उरलेली अर्धी शीट सामान तोलायच्या काट्याला लटकवली. १२ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे पूर्ण शीट पंचवीससुद्धा नाही. व्हर्नियर लावला तर जाडी १६.४ एमएम. व्हर्नियर माझ्याच खणात होता. सहा वर्षं आहे. दुकानात नेला असता तर पर्समध्ये मावला असता.

दुसरी खूणही होती, तीही मी स्वतःच्या हाताने पुसली. कापायच्या आधी शीटवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, तर फडकं लाल झालं. चहाच्या चोथ्यासारखं नाही, चक्क कुंकू कालवल्यासारखं. दुकानात फोन केला. "ताई, गर्जनचा रंग आहे, ओरिजिनल आहे म्हणून सुटतो." आणि मी "अच्छा" म्हणून फोन ठेवला. लाकडाचा रंग फडक्याला असा लागत नाही हो! हलक्या लाकडाचा पापुद्रा गर्जनसारखा, म्हणजे त्या तांबूस, कठीण लाकडासारखा दिसावा म्हणून रंग फासतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हाही कुठेतरी वाचलेलं होतंच.

तिसरी खूण हिंजच्या भोकात होती. ऑटो हिंजच्या कपाला ३५ एमएमचं भोक पाडावं लागतं. चांगल्या प्लायमध्ये बिट एकसारखा कुरतडत जातो, भुसा बारीक पडतो. माझा बिट निम्म्यावर एकदम धप्प करून आत गेला. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर मधल्या थरात करंगळी जाईल एवढी फट, आणि तिच्या एका टोकाला पुट्टीसारखं काहीतरी भरलेलं. मी काय केलं? लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून ती फट भरली आणि भोक दोन इंच खाली घेतलं. एवढं काम झाल्यावर थांबवत नाही माणसाला. प्लायच्या कडा दुकानातच बघा. चारही बाजूंनी बघा, आणि कडेला रंग फासलेला असेल तर नखाने खरवडून बघा.

जूनमध्ये सिंकचा बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालच्या नळीतलं भांडं, ठिबकायला लागला. फार नाही, रात्रभरात वाटीभर. खऱ्या मरीनला त्याने काही झालं नसतं, त्यासाठीच तर ते घेतात. माझ्या कपाटाचा तळ तीन दिवसांत पुरीसारखा टम्म फुगला. सनमायकाच्या खाली बोट दाबलं तर आत पोकळ आवाज. दार वाकून मधोमध फट राहायला लागली आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू हाताने बाहेर आले.

मग उरलेल्या तुकड्यातला दोन इंचांचा चौकोन कापून जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. आयएस ७१० चा नमुना प्रयोगशाळेत ७२ तास उकळतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. माझा चौकोन ४० मिनिटांत वहीसारखा उघडला. पानं मोजली मी. हा उद्योग शीट कापायच्या आधी, दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागून करायचा. देत नसेल तर तिथून उठायचं. आणि "वॉटरप्रूफ" म्हणजे ग्रेड नव्हे. आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकात एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात, त्यातला एमआर सिंकखाली चालत नाही, मरीन म्हणजे ७१०. हे सगळं मला तोंडपाठ होतं बरं का. तोंडपाठ असून काय उपयोग, शिक्का कोण वाचणार?

शिक्का होता. आयएसआयची खूण, वर ७१०, आणि खाली जिथे सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक स्वच्छ असायला हवा तिथे शाई फिसकटलेली. तो क्रमांक बीआयएस केअर (शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि कशासाठी आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. मला ते सुचलं जुलैत.

दुकानदार पहिल्या दिवशी म्हणाला, "पाणी पाडलं असणार." दुसऱ्या दिवशी, "कापलेला माल परत होत नाही." तिसऱ्या दिवशी, "हा माल आमचा नाहीच. बिल दाखवा."

इथून पुढची वरात ऐका. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, जीव भांड्यात पडला. सतरा दिवसांनी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कोणी केलं, कसं केलं, मला का नाही कळलं? परत फोन केला तर नवी तक्रार करा. चौकीत गेले तर तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्लाय फुगला म्हणून एफआयआर होत नाही." मी म्हटलं, खोटा शिक्का मारलाय. "मग शिक्क्याचं ऑफिस असेल ना, तिकडे जा." गेले. तिथे सांगितलं, शिक्का असलेला भाग आणा. आता मी तर त्या शिक्क्यावर सनमायका चिकटवून बसलेली! हीट गनने दोन तास तापवून तो सोडवला, तेव्हा प्लायचा वरचा पापुद्रा सनमायकाबरोबरच निघाला आणि शिक्का त्याच्या पाठीवर उलटा उमटून आला, आरशात दिसावा तसा. तो तुकडा पिशवीत घालून, अर्धी रजा टाकून, दोन बस बदलून घेऊन गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे उलटं आहे." बरोबर आहे, उलटं आहे! मी काय करू, त्याला सरळ करू? "आणि क्रमांक वाचता येत नाही. बिल आहे का?" आणखी एका खिडकीवर तर मलाच ऐकवलं की बिनबिलाचा माल घेतलात म्हणजे तुम्हीही त्यात आलातच. खोटा शिक्का मारणारा गल्ल्यावर बसून चहा पितोय आणि गुन्हेगारासारखी मी उभी, हातात सनमायकाचा तुकडा!

नवरा काही बोलला नाही. "मी काही बोलत नाही," एवढंच तो बोलला, तीन वेळा.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता अजून आहे. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांनी हे लक्षात ठेवा: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. एका वकिलांनी १२,००० सांगितले, म्हणून मी स्वतःच लिहायला घेतलीय. पुरावा म्हणून भाच्याच्या खात्यात गेलेले पाच हजार, ती चिठ्ठी, आणि व्हॉट्सॲपवरचा दुकानदाराचा एक मेसेज, "७१० चा माल रेडी आहे ताई". तो मी पुसला नाही हे नशीब. तुम्ही शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, शिक्क्याचा तुकडा सनमायका न लावता बाजूला ठेवा, आणि पक्क्या बिलावर आयएस क्रमांक, जाडी आणि ग्रेड लिहून घ्या. मी ३,३१८ वाचवले होते.

गेल्या रविवारी तळाच्या फळीसाठी दुसऱ्या दुकानात गेले. पर्समध्ये व्हर्नियर होता. ७१० मागितलं तर काउंटरवरच्या पोराने अगदी सहज विचारलं, "काकू, खरं ७१० पाहिजे की शिक्क्याचं?" खरं घेतलं. १२८ चा भाव, जीएसटी धरून शीटचे ४,८३३, पक्कं बिल. दोन माणसांनी वर आणली. सध्या एकच घेतलीय, बाकीच्या चारांना पुढच्या पगाराची वाट बघावी लागेल. तोपर्यंत सिंकखाली दोन विटा आणि एक बादली आहे.