रोइंग मशीनचा आठ महिन्यांचा अनुभव : आधी पाय, मग पाठ, शेवटी हात

कोथरूडच्या आमच्या घरी कॉन्सेप्ट टू कंपनीचे रोइंग मशीन, म्हणजे घरात बसून वल्हवण्याचा व्यायाम करण्याचे यंत्र, येऊन आठ महिने झाले आणि त्यांतले पहिले अडीच महिने मी ते चुकीचे ओढत होतो, हे आधीच सांगून टाकतो. डॅम्पर (पंख्यात शिरणारी हवा कमी-जास्त करणारी कळ) 10 वर, मिनिटाला 30-32 स्ट्रोक (ओढी), घामाच्या धारा आणि पडद्यावर 500 मीटरला 2 मिनिटे 40 सेकंद. मेहनतीच्या मानाने आकडा किरकोळ होता. वर कंबर धरू लागली.

चूक सापडली ती मुलीने मोबाइलवर बाजूने केलेल्या चित्रीकरणात. मी पाय रेटले की सीट मागे पळत होती, पण पाठ सैल पडल्यामुळे हँडल जवळजवळ जागेवरच राहत होते. म्हणजे पायांचा जोर हँडलला जोडलेल्या, पंखा फिरवणाऱ्या साखळीपर्यंत पोहोचतच नव्हता. परतताना हात सरळ होण्याआधीच गुडघे वर येत आणि हँडल त्यांच्यावरून उचलून न्यावे लागे. ओढताना आधी पाय, मग खुब्यातून पाठ आणि शेवटी हात, परतताना नेमके उलटे, हा क्रम पाठ व्हायला पाच मिनिटे लागली. अंगात मुरायला सहा आठवडे.

एके काळी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर मुळा नदीत वल्हवलेले एक परिचित घरी आले होते. माझे दोन स्ट्रोक पाहून ते म्हणाले, "अहो, वल्हे ओढायचे नसते. ते पाण्यात अडकवायचे आणि पायांनी होडी पुढे रेटायची." मॉनिटरवर प्रत्येक स्ट्रोकच्या जोराचा आलेख दिसतो, तो मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिला. एकच गोलसर टेकडी दिसायला हवी होती. माझ्या दोन होत्या आणि मध्ये चक्क खिंड, कारण पाय संपून पाठ लागेपर्यंत जोर गळत होता. मग गती मिनिटाला 18 स्ट्रोकवर आणली आणि परतताना, हात सरळ व पाठ पुढे झाली की गुडघे दुमडण्याआधी क्षणभर थांबण्याचा सराव केला. खिंड हळूहळू बुजली.

डॅम्परचा आकडा म्हणजे वजन नव्हे. पंख्यात किती हवा शिरू द्यायची, एवढेच तो ठरवतो. खरा रोध मॉनिटरवरच्या ड्रॅग फॅक्टरमध्ये दिसतो आणि जाळीत धूळ साचली की तो उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर असल्याने हवाही किंचित विरळ, म्हणून दुसऱ्याचे डॅम्परचे आकडे उचलण्यात अर्थ नाही. मी ड्रॅग फॅक्टर 115 ते 120 च्या आसपास ठेवतो.

आज मिनिटाला 20 स्ट्रोकच्या गतीने 500 मीटरला 2 मिनिटे 20 सेकंद लागतात. फरक फक्त 20 सेकंदांचा दिसतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 85 वॉटवरून 127 वॉटपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडपट मजल गेली आहे. कंबरेची तक्रारही राहिली नाही. मात्र गती 26 च्या पुढे गेली की आलेखात ती खिंड अजून डोके वर काढते.