फुकट लाईट का सोलर पंप? आमच्या सांगलीकडं बघून सांगतो

जुलै 2024 ला बळीराजा मोफत वीज योजना आली, साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीचं बिल शून्य, आणि निवडणूक होती नोव्हेंबरात, आता समजून घ्या. दुसरीकडं मागेल त्याला सौर कृषी पंप, त्यात शेतकऱ्यानं 10 टक्के भरायचे (एससी-एसटीला 5), बाकी अनुदान.

फुकट लाईटीत शेतकऱ्याचा फायदा लगेच दिसतो, पण बचत कुठं? रात्रपाळीची लाईट आली की ऑटो स्टार्टरनं मोटर आपोआप चालू होणार, वाळव्याकडं ऊसात पाणी फिरत राहणार आणि आपण झोपलेले. बिलच नाही म्हटल्यावर पाच स्टारची महाग मोटर कोण घेतंय? नुसता कपॅसिटर (मोटारीचा लाईनवरचा लोड कमी करणारा छोटा डबा) बसवायचा म्हटलं तरी माणसं हसतात राव. आणि मोटारीला मीटर लावायचं नाव काढायची हिंमत कुठल्याच पार्टीत नाही. 2004 ला पण निवडणुकीआधी फुकट वीज जाहीर झालेली, सरकार आल्यावर मागं घेतली, ती आठवण अजून पुढाऱ्यांना चटका देते.

सोलरला दिवसा पाणी मिळतं, साप-विंचवाची भीती कमी, ग्रीडवरचा लोड पण कमी. दुष्काळी जत-आटपाडीत विहिरीवर, थोड्या डाळिंबाला बेस्ट. पण कृष्णेवरनं लांब पाणी उचलायचं तर ते काय झेपत नाही, आणि ऊन फुकट म्हणून उपसा तिथंही वाढतोच. मी तरी सोलर घेईन, फक्त ठिबकची अट घाला म्हणावं. घालतंय कोण, कारखान्याला ऊस पाहिजे.