साईनचा ग्राफ हाताने काढायचाय: टेबल करू की पाच पॉइंट?

चवथीच्या सुट्टीत ट्रिगो काढून बसलेल्या अकरावी सायन्सच्या पोरांसाठी लिहितोय. क्लासात एक सर टेबल करायला सांगतात, दुसरे पाच पॉइंटची पद्धत (एका लाटेची सुरुवात, माथा, मध्य, तळ आणि शेवट एवढेच पॉइंट काढायचे), आणि मुलं मधल्यामधे अडकतात.

एकच गणित दोन्हीकडून बघू. य = ३ साईन (२क्ष − ६०°) + १.

टेबलवाले ०°, ३०°, ६०°, ९०° असं धरत जातात. उत्तरं येतात −१.६, १, ३.६, ३.६, १, −१.६. सगळी बरोबर, पण ३.६ दोनदा आल्यावर मुलं दोन्ही पॉइंट सरळ जोडून टाकतात आणि टेकडीचा माथा सपाट होतो. खरा माथा ७५° वर आहे, उंची ४, आणि तो टेबलात आलाच नाही! आकडेमोड एवढी करून मेन पॉइंटच सुटतो, हे मला फार खटकतं.

पाच पॉइंटवाले आधी २ कॉमन काढतात, २(क्ष − ३०°), म्हणजे सुरुवात ३०° ला. हे कॉमन न काढता डायरेक्ट ६०° सरकवलं की सगळा ग्राफ चुकीच्या जागी जातो, तेवढं मात्र सांभाळा. पिरियड (एका पूर्ण लाटेची लांबी) ३६० भागिले २, म्हणजे १८०°, त्याचा चौथा भाग ४५°. मधली उंची १, तिथून ३ वर आणि ३ खाली. मग ३०, ७५, १२०, १६५, २१० आणि उंची १, ४, १, −२, १, झालं. ग्राफ पेपरवर १ सेंमी = १५° धरलं तर पॉइंट २, ५, ८, ११, १४ सेंमीवर बसतात, एकही अपूर्णांक नाही. फक्त वळणं गोल काढा, पट्टी लावू नका.

त्यामुळे नुसता साईन किंवा कॉस असेल तर मी पाच पॉइंटच सांगेन, परीक्षेत तर नक्कीच. टॅनला आधी तुटक उभ्या रेषा, ९०°, २७०° अशा, मग मधली वळणं.

पण साईन क्ष + कॉस २क्ष असं काही आलं तर टेबलच लागतं, तिथे पाच पॉइंट पुरत नाहीत. गोव्याच्या मांडवी नदीच्या भरती-सुकतीचंही तसंच. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून चौथा भाग सुमारे ३ तास ६ मिनिटं धरून अंदाजाचा ग्राफ पटकन निघतो, पण आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे प्रोजेक्टला घेणार असाल तर तासातासाचे आकडे घेऊन सरळ टेबल करा आणि पॉइंट थोडे जास्तच घ्या.