मुलासाठी घेतलेले इअरमफ, दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हे गाणी ऐकायचे हेडफोन नाहीत. ना ब्लूटूथ ना चार्जिंग. कारखान्यात प्रेसवर काम करणारी माणसं कानावर चढवतात ना, तेच. प्लास्टिकच्या दोन वाट्या, आत फोम, वरून पट्टी.

माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि आवाज हे आमच्या घरातलं रोजचं भांडण होतं. कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली. मिक्सर लावला की कान दाबून असा किंचाळणार की मिक्सर परवडला, आणि सासूबाई म्हणायच्या, अरे मग तुझ्या स्वतःच्या ओरडण्याचा नाही का त्रास होत तुला? नाही होत, कारण ते कधी सुरू होणार हे त्याला माहिती असतं, असं ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, ताईंनी आम्हाला नंतर समजावलं. त्यांनीच आधी ऑडिओलॉजिस्टकडून कान तपासून घ्यायला लावले आणि मग इअरमफ सुचवले, तर हा क्रम सोडू नका.

पहिला जोड ऑनलाइन मागवला. कार्टूनवाला, निळा, 'स्पेशल मुलांसाठी' असं मोठ्ठं छापलेलं, १४०० रुपये. तीन आठवड्यांत बिजागरी तुटली आणि परत करायची मुदत तोवर संपलेली. मग खोकं नीट वाचलं तर त्यावर एनआरआरचा आकडाच नव्हता. एनआरआर म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचं रेटिंग, तो आकडा नसेल तर ती कानटोपीच समजा. आणि आकडा असला तरी तो लॅबमधला असतो, मध्ये केस आले, चष्म्याची काडी आली, डोकं लहान असलं की प्रत्यक्षात बराच कमी मिळतो.

दुसरा जोड पुण्यातल्या बोहरी आळीतून घेतला, हेल्मेट आणि गमबूट विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानातून. दुकानदार काकांनी विचारलं, कुठल्या मशीनवर काम आहे? मी म्हटलं, मिक्सरवर. ८५० रुपये, एनआरआर २५, आणि दोन वर्षं झाली, आपटून फेकून सगळं झालं तरी तो टिकलाय. मोठ्यांच्या मापाचा असल्यामुळे पट्टी सगळ्यात आत सरकवूनही ढिली बसायची, सासूबाईंनी जुन्या टीशर्टची छोटी गादी शिवून पट्टीला आतून लावली, मग बरोबर बसला.

नवऱ्याचे ऑफिसचे महागडे नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोनही घालून बघितले होते. ते पंख्याची, एसीची एकसुरी घरघर मस्त घालवतात, पण अचानक आलेल्या शिट्टीपुढे त्यांचं फारसं चालत नाही आणि आमचा सगळा त्रास अचानकचाच आहे.

आता गणपती. पुण्यात राहून ढोलताशा टाळणार कसा? नियमाने राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि विसर्जनाला सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं लक्ष्मी रोडवर आवाज मोजतात तेव्हा आकडा शंभरच्या आसपास गेलेला असतो. तर इअरमफने ताशा आणि झांजा चांगल्या दबतात कारण ते वरच्या पट्टीतले आवाज. ढोलाचा ठोका मात्र पोहोचतोच, तो छातीत लागतो, त्याला कानावर काहीही घातलं तरी उपाय नाही. म्हणून आम्ही मिरवणुकीच्या भानगडीत पडत नाही. सोसायटीच्या आरतीला मात्र तो या वर्षी शेवटपर्यंत उभा होता, गेल्या वर्षी 'घालीन लोटांगण' यायच्या आत आम्ही जिन्यात असायचो.

घेतले आणि घातले असं होत नाही हां. त्याला डोक्याला हात लावलेलाही चालत नाही. पहिले चार-पाच दिवस ते नुसते मांडीवर, मग ट्रेनचे व्हिडिओ बघताना एक मिनिट कानावर, मग दोन मिनिटं, असे साधारण दोन आठवडे गेले. आता तो त्यांना 'कान' म्हणतो. 'कान दे' हे त्याचं त्या वर्षातलं पहिलं स्वतःहून मागितलेलं दोन शब्दांचं वाक्य. (त्या दिवशी मी बेसिनचा नळ सोडून रडून घेतलं, असो.)

पण दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, हे ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सतत शांततेची सवय लागली की साधे आवाजही टोचायला लागू शकतात. शिवाय बोलणंही दबतं, स्पीच थेरपीला ते काढूनच बसवायचं, आणि रस्त्यावर हॉर्न नीट ऐकू येत नाही म्हणून हात सोडायचा नाही. घरात आता फारसे लागतही नाहीत कारण सासूबाई 'मिक्सर लावतेय रे, तीन, दोन, एक' असं ओरडून बटण दाबतात. फुकटातला उपाय, आधी का सुचला नाही देव जाणे.

शाळेत मात्र नाटक झालं. आधीच्या शाळेत सांगितलं, बाकीची मुलं हसतील, शिस्तीत बसत नाही, घरी घाला. मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ प्रिंट काढून नेलं, त्यात मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या असं स्पष्ट आहे आणि ऑटिझम त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. त्यांनी कागद ठेवून घेतला, झालं काहीच नाही, आम्ही शाळा बदलली. आताच्या बाई वेगळ्या. त्यांनी इअरमफ वर्गाच्या कपाटात ठेवलेत, त्याने टेबलावरचं कानाचं चित्र उचललं की त्या काढून देतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाला आळीपाळीने घालून बघायला दिले, त्यामुळे हसण्याचा विषयच मिटला. वर त्यांनीच सांगितलं की ह्याला घंटेपेक्षा बाकं सरकवल्याचा जास्त त्रास होतो. मग आम्ही सोसायटीतल्या पोरांकडून क्रिकेटचे जुने टेनिस बॉल गोळा केले, त्यांना चिरा दिल्या आणि बाकांच्या पायांत बसवले. वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गाच्या बाईंनीही बॉल मागितले.

तक्रारी आहेतच. एप्रिल-मेमध्ये कान घामाने चिंब होतात, वाट्यांच्या गाद्या रोज ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात आणि वर्षभरात त्या कडक पडतात, म्हणून गाद्या वेगळ्या मिळतात असंच मॉडेल घ्या. अर्ध्या तासाने कानाशी लाल वळ उठतात. चष्मा असेल तर अजून दाबतं. आणि पिवळाधमक रंग घेऊ नका, लिफ्टमध्ये प्रत्येक जण 'काय पायलट, विमान कुठंय' विचारतो आणि त्याला अनोळखी माणसाने बोललेलं आवडत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या घामाचा कापला. आता काळ्या रंगाचा अजून एक जोड आणायचाय, कारण शुक्रवारी हा जोड शाळेच्या कपाटात राहतो आणि शनिवारी समोरच्या हॉलमध्ये बँड असतो.