नऊ महिने सीएनसी मिल वापरल्यावर: मोटरवर छापलेला टॉर्क आणि बाकीची चुकलेली गणितं

मोटर निवडण्यात मी दीड महिना घालवला आणि बेअरिंग निवडण्यात पाच मिनिटं. छोट्या बेंचटॉप मिलची (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मशीनची) हँडव्हील काढून तिथे कॉम्प्युटरच्या हुकमाने टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी बसवल्या त्याला आता नऊ महिने झाले. ही वेळेची वाटणी नेमकी उलटी हवी होती, हे कळायला त्यातले पहिले चार लागले. मशीन साधारण ६० किलोचं, डव्हटेल स्लाइडचं (टेबल तिरक्या खाचेत घासत सरकतं). काम मुख्यतः ॲल्युमिनियमचं, मधूनच माइल्ड स्टील.

आधी मोटरीच घेतो, कारण सगळे तेच विचारतात. नेमा २३ आणि नेमा ३४ हे आकडे ताकदीचे नाहीत. ते मोटरच्या पुढच्या चौकोनी तोंडाचं माप सांगतात: २३ म्हणजे २.३ इंच, प्रत्यक्षात सुमारे ५७ मिमी. ३४ म्हणजे सुमारे ८६ मिमी. लेबलवरचा न्यूटन-मीटरचा आकडा होल्डिंग टॉर्कचा, म्हणजे मोटर जागेवर उभी असतानाच्या फिरवण्याच्या जोराचा. फेरे वाढले की तो उतरत जातो, आणि किती वेगाने उतरेल हे वायंडिंगचा इंडक्टन्स (करंट बदलायला गुंडाळीचा होणारा विरोध) आणि तुमच्या पॉवर सप्लायचे व्होल्ट ठरवतात.

हे मी वाचलं होतं, पण पटलं नव्हतं. एक्स आणि वाय अक्षांना (टेबलाच्या आडव्या हालचालींना) ३ न्यूटन-मीटरच्या नेमा २३ लावल्या. झेडला (कटरचं डोकं वरखाली करणाऱ्या अक्षाला) मात्र ‘डोकं जड आहे, असू दे मोठी’ म्हणून ८.५ न्यूटन-मीटरची नेमा ३४ चढवली. सप्लाय सगळ्यांना एकच, ३६ व्होल्टचा. छोट्या मोटरी मिनिटाला दोन-अडीच मीटरने निवांत पळायच्या. मोठी मोटर दीड मीटरच्या आसपास गेली की ओरडायची आणि जागेवर थांबायची. स्टेपरवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: इंडक्टन्स मिलिहेन्रीत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा. येतील तेवढे व्होल्ट त्या मोटरला पुरे. माझ्या छोट्या मोटरींचा इंडक्टन्स २ मिलिहेन्री, म्हणजे ४५ व्होल्ट. ३६ वर त्यांचं भागत होतं. मोठीचा ६ मिलिहेन्री, म्हणजे ७८ व्होल्ट. तिला मी निम्म्याहून कमी देत होतो. शिवाय तिचा रोटर जड, त्यामुळे वेग घ्यायलाही आळस.

शेवटी ती उतरवली. तिच्या जागी एन्कोडर असलेली क्लोज्ड-लूप (खरंच किती फिरली ते मोजणारी) नेमा २३ आली आणि डोक्याचं वजन पेलायला एक गॅस स्प्रिंग. तेव्हापासून झेड अक्षाने तक्रार केलेली नाही. गॅस स्प्रिंगचं दुसरंही कारण आहे. अक्ष सरकवणारा जुना ट्रॅपेझॉइडल (साध्या आट्यांचा) स्क्रू घर्षणाने स्वतःला अडवून धरायचा. त्याच्या जागी आलेला बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरतात, म्हणून घर्षण कमी) धरत नाही. वीज गेली की डोकं सावकाश खाली येतं. माझं एकदा जॉबवर येऊन टेकलं, कटर वाचला हे नशीब.

मोठी मोटर मुळात का लागत नाही, ते आकड्यांत बघा. ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १ न्यूटन-मीटर टॉर्कमधून साधारण ११३० न्यूटन जोर निघतो, म्हणजे ११५ किलो वजनाइतका. ६० किलोच्या मिलला एवढा जोर कटरवर सोसवतच नाही, त्याआधी कॉलम (डोकं धरणारा खांब) वाकतो. सर्वो (जास्त फेऱ्यांनाही जोर टिकवणारी मोटर) का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ३००० फेऱ्यांना ५ मिमी लीडवर मिनिटाला १५ मीटर वेग येतो. डव्हटेलच्या टेबलाला तो घेऊन करायचंय काय?

आता बॉलस्क्रू. एक्सला १६०५ (१६ मिमी व्यास, ५ मिमी लीड). वायला तोच घ्यायचा होता, पण त्याचा नट २८ मिमीचा आणि फ्लँज ४८ मिमीची; सॅडलखाली (टेबलाखालच्या सरकत्या भागाखाली) एवढी जागा नव्हती. तिथे १२०४ बसवला. दोन्ही रोल्ड (आटे दाबून पाडलेले), अचूकतेच्या सी७ दर्जाचे, म्हणजे ३०० मिमीत ०.०५ मिमी चूक चालते. हॉबीला पुष्कळ झालं. जुन्या स्क्रूला ०.२५ मिमी बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी ढिलाई) होता, तो आता जवळपास शून्यावर येणार अशा थाटात मी डायल (बारीक सरक मोजणारं मापक) लावला. काटा ०.१२ वर थांबला.

दोन आठवडे मी नटाला शिव्या घातल्या. नट बिचारा ठीक होता. मोटरकडच्या टोकाच्या फिक्स्ड ब्लॉकमध्ये साधी डीप-ग्रूव्ह बेअरिंगं निघाली आणि अख्खा स्क्रूच पुढेमागे सरकत होता. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगांची (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा जोर पेलणाऱ्या) जोडी पाठीला पाठ लावून बसवली, लॉकनट हळूहळू आवळला आणि डायल ०.०२ वर आला. दुसरं टोक नुसतं आधारालाच ठेवा, तिथे घट्ट करू नका. तापल्यावर स्क्रू लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते.

‘सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (ढिलाईची भरपाई) आहे की’ असं कुणीतरी म्हणणारच. आहे, पण क्लाइम्ब मिलिंगमध्ये (कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेने कापतात तेव्हा) कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो, आणि ती ओढ सॉफ्टवेअरला दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर ५० मिमीचं वर्तुळ कापून बघा. जिथे अक्ष दिशा बदलतो त्या चार ठिकाणी बारीक पायरी दिसली, तर बॅकलॅश अजून आहे.

मग कपलिंगचं, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचं, प्रकरण. पाचव्या महिन्यात एक्सचा शून्य (मोजणीचा सुरुवातीचा बिंदू) दर जॉबला थोडा थोडा सरकायला लागला. ओपन-लूप मोटर (स्वतःची जागा न मोजणारी), म्हणजे स्टेप चुकत असणार, हे मी गृहीत धरलं. फीड कमी केला, ॲक्सलरेशन कमी केलं, स्लाइडची ढिलाई घेणारी पट्टी, जिब, सैल करून पाहिली (मग चॅटर, म्हणजे कटरची थरथर, सुरू झालं, ते वेगळंच). शेवटी शाफ्ट आणि कपलिंग यांवर मार्करने एक सरळ रेघ मारली आणि तोच प्रोग्राम ५० वेळा चालवला. रेघ तुटली. मोटर प्रामाणिक होती; बारीक सेट स्क्रूचं कपलिंग गोल शाफ्टवर घसरत होतं. आता तिन्ही अक्षांना क्लॅम्पचं कपलिंग आहे, आणि रेघ कायमची.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार रमलो नाही. ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारी सर्किटं) ५० व्होल्टपर्यंतचे आहेत आणि मुद्दाम ३६ वरच ठेवलेत, कारण मोटर झटकन थांबते तेव्हा ऊर्जा उलटी येऊन व्होल्ट चढतात. करंट सेट करताना ड्रायव्हरवरचा आकडा पीकचा (कमाल) की आरएमएसचा (एक प्रकारच्या सरासरीचा) ते बघून घ्या, ४.२ अँपिअर पीक म्हणजे साधारण ३ आरएमएस. आणि वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर काढू नका. मी काढला नव्हता, पेच न आवळल्याने तो आपणहून निघाला. ड्रायव्हर गेला तो गेलाच.

स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) सुरू केला की लिमिट स्विच (अक्षाची हद्द ओळखणारा) खोटाच लागायचा. शील्डेड केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ, स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, लागला की तुटणारा) आणि सिग्नल ५ ऐवजी २४ व्होल्टवर ऑप्टोकपलरमधून (सिग्नल प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागातून): हे चारही केल्यावर थांबलं. चारपैकी नेमकं कशाने थांबलं ते शोधायचा उत्साह उरला नव्हता. इमर्जन्सी स्टॉप मात्र ड्रायव्हरांची वीजच तोडतो. सॉफ्टवेअरला विनंती करणारा स्टॉप मला नको.

मायक्रोस्टेप (मोटरच्या एका स्टेपचे किती भाग करायचे) ८ वर आहे: फेऱ्याला १६०० पल्स, एक्सला मिलिमीटरला ३२०, वायला ४००. याहून बारीक करून हाती काही लागलं नाही, कंट्रोलरवरचा भार तेवढा वाढला.

मशीन खोलण्याआधी सगळे माउंट आणि मोटरप्लेटा त्याच मिलवर करून ठेवा. माझी वायची प्लेट राहिली, आणि ती करायला सुटं पडलेलं मशीन पुन्हा हँडव्हीलसकट जोडावं लागलं.

आता अडतंय ते कॉलमपाशी. स्टीलमध्ये १० मिमीची एंडमिल (दांडीसारखा कटर) २ मिमी खोल घातली की डोकं मान डोलावतं, डायलवर दिसतं. पोकळ कॉलममध्ये एपॉक्सी-ग्रॅनाइट (एपॉक्सीत मिसळलेली दगडाची खडी) भरायचा विचार पक्का झालाय. तोवर स्टील आलं की ६ मिमीचा कटर आणि अर्ध्या मिलिमीटरचे कट.