स्पॅनिश की जर्मन? वाचायला सोपी कोणती

पणजीत हॉटेल व्यवसायाकडे वळणाऱ्या मराठी मुलांना मी आधी स्पॅनिशच सुचवेन. इंग्रजीत ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरं ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘टफ’ यांत तीन तऱ्हांनी वागतात. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि त्यांचे उच्चार ठाम. एच मूक असतो. आघात कुठे द्यायचा तेही नियमाने ठरतं. अपवाद असेल तर स्वरावर चिन्ह येतं. लिहिताना मात्र अडतं, कारण बी आणि व्ही यांचा उच्चार एकच.

गोव्यात पोर्तुगीज वळणाची नावं रोज डोळ्यांसमोर असतात, पण त्या सवयीवर विसंबू नका. इथला ‘जुझे’ त्याच अक्षरांत स्पॅनिशमध्ये ‘खोसे’ होतो, तोही घशातून काढलेल्या ख ने!

जर्मनही नियम पाळते, फक्त ते जास्त आहेत. डब्ल्यूचा व, व्हीचा बहुधा फ, ‘ई-आय’चा ‘आय’ आणि ‘आय-ई’चा दीर्घ ई. शब्दाच्या शेवटचा डी ट होतो, म्हणून कुत्र्याला ‘हुंट’ म्हणतात. झेड मात्र आपल्याला आयताच मिळतो: तो ‘चमचा’तला च आहे.